सात थेंब

माकडं उठायच्या आत आई कोयता घेऊन निघते.
ऊन चढलं की चीक आत पळतो, म्हणते.
खोडावर तिरका एकच वार,
खाली दुधाचा रिकामा डबा,
आणि ती उकिडवी बसून राहते,
जशी कुणाचं बाळंतपण करायला बसली आहे.

सांग्रे दे ग्रादो. रक्तच म्हणतात त्याला
उकायालीच्या दोन्ही काठांवर.
पण तळहातावर चोळलं की पांढरट फेस धरतो.
रक्ताला कुठे असा फेस येतो?
लहानपणी मी विचारायचो.
झाडाला विचार, ती म्हणायची, आणि डबा झाकायची.

मी धक्क्याजवळच्या दवाखान्यात टेक्निशियन.
फ्रीज सौर पट्टीवर चालतो. तराजूला एकच हूक,
त्याला धुतलेली चड्डी टांगून पोरं मोजतो.
मागच्या वर्षी लिमाहून दोक्तोरा विल्का आल्या
आणि कागदावर आतडं काढून दाखवलं मला:
भिंतीत ही दारं, यांतून क्षार सुटतो,
क्षारामागे पाणी धावतं.
या चिकातला एक रेणू दोन दारं ओढून घेतो.
त्याची गोळीही झाली आहे, दूर कुठे,
एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या जुलाबांवर.
किंमत ऐकून मी विषय बदलला.

घरी येऊन आईला सांगितलं. दारं, क्षार, रेणू.
ती युक्का सोलत होती.
“म्हणजे खरं आहे?”
“काही खरं आहे.”
“काही,” ती म्हणाली, आणि सुरी थांबली.

एक्क्याण्णव साली नदीतून पटकी आली.
नेलिथ अकरा वर्षांची, मी नऊ.
पेजेच्या निवळीसारखं पडत होतं तिचं,
बादली उचलून मी परसात ओतायचो, परत यायचो,
बादली पुन्हा भरलेली.
आई थेंब देत होती. सात, मग चौदा, मग मोजणं सोडून.
पाणी मात्र तोडलं होतं.
पाणी प्यालं की पाणीच पडतं,
असं तिची आई सांगायची, तिच्या आईची आई सांगायची.
नेलिथ मडक्याकडे बघायची.
मडकं माझ्या हाताशी होतं.

हे आम्ही कधी बोललो नाही.

काल रात्री होडीतून यार्लिनला आणलं,
दीड वर्षाचा, डोळे खोल गेलेले,
पोटाची कातडी चिमटीत धरली
तर चिमटी सोडल्यावरही उभीच.
मी पुडी फोडली, लिटरभर उकळून निवलेलं पाणी मोजलं.
दारात आई, हातात डबा.
आता वाद होणार म्हणून मी तोंड उघडलं.

“पाणी किती दिलंस?” ती म्हणाली.
“आत्ताच सुरू करतोय.”
“मग दे.”
डबा तिनं खिडकीत ठेवला
आणि चमचा माझ्या हातून घेतला.

एक चमचा. थोडं थांब. एक चमचा.
ओकला, तर दहा मिनिटं थांब, पुन्हा एक चमचा.
दिव्यावर पाकोळ्या, पोराची आई भिंतीला टेकून झोपलेली,
बाहेर बेडकांचा एकसुरी कल्ला.
रात्रभर ती म्हातारी पाणी पाजत राहिली,
इतक्या सावकाश, जणू मडकं
चौतीस वर्षांपासून अजून रितं व्हायचं आहे.

तीन वाजता खिडकीकडे पाहून म्हणाली, “आता?”
अंगावर पिणाऱ्या मुलांत हे कुणी नीट तपासलेलं नाही,
माझ्या वाचनात तरी नाही.
मी तसं सांगितलं.
तिनं मान हलवली. डबा झाकलेलाच राहिला.
मग तिनं स्वतःच्या पेल्यात सात थेंब टाकले,
पाणी तांबूस झालं, आणि एका घोटात प्यायली.
तिचंही पोट संध्याकाळपासून बिघडलं होतं.
आम्हाला पत्ता नव्हता.

उजाडताना यार्लिन मुतला, माझ्या मांडीवर, भरपूर.
आई हसली. त्याआधी ती कधी हसली होती
ते मी आठवत बसलो.

रजिस्टरात उपचाराचा एकच रकाना आहे.
यार्लिन: मीठ-साखरेचं पाणी, जस्ताची गोळी, दहा दिवस.
खालची ओळ. रुग्णाचं नाव, एर्मिला.
वय तिनं चुकीचं सांगितलं, मी तेच लिहिलं.
उपचार:
पेन थांबलं.
मग पेन्सिल घेतली आणि समासात लिहिलं, ७.